आमची वाटचाल : एका बेसवाल्याची सरावाची खोली

मिरज आणि सांगलीच्या मधे, कुपवाड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आमच्या सरावाच्या दोन खोल्या आहेत. ड्रमसेट, बेस अँप, दोन गिटार अँप, कीबोर्डचा स्टँड, माईक, मिक्सर सगळं आत लावलेलं असतं. बँडनं किंवा ऑर्केस्ट्रानं आपली वाद्यं घेऊन यायचं आणि तासाच्या हिशेबानं वाजवायचं. हेच सामान कार्यक्रमांना भाड्यानं जातं, शिवाय गिटार आणि बेसची दुरुस्ती होते. धंदा एवढाच. 2009 साली सुरू केला आणि अजून चालू आहे. आमच्या माहितीत या भागात सरावाचे पैसे घेणारे आम्ही पहिले. पैसे देणारे पहिले कोण, ते मात्र आठवावं लागतं.

मी मूळचा बेसवाला, म्हणजे चार जाड तारांची, खालच्या सुरांची बेस गिटार वाजवणारा. 1980 च्या दशकाच्या शेवटी सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ऑर्केस्ट्रांना कामाची ददात नव्हती. गणपती, नवरात्र, चैत्रातल्या यात्रा, साखर कारखान्यांचे कार्यक्रम, कॉलेजांची गॅदरिंग. आमच्या ग्रुपात दोन गिटारवाले होते. दुसरा माझ्यापेक्षा बरा वाजवायचा, म्हणून बेस माझ्या गळ्यात आला. निम्मे बेसवाले असेच तयार होतात, असं माझं मत आहे, आणि बाकीचे निम्मे कबूल करत नाहीत. पहिला बेस कलकत्त्याच्या बनावटीचा. तारा फ्रेटपासून, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, इतक्या उंच, की दोन गाण्यांत बोटांना फोड यायचे.

गाणी कॅसेटवरून बसवायची. अडचण अशी, की घरच्या टेपरेकॉर्डरवर बेस ऐकूच यायचा नाही. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला 41 वेळा थरथरते, आणि टेपच्या चार इंची स्पीकरला तो आवाज काढणं झेपत नाही. वरचे उपस्वर ऐकून कान खालच्या सुराचा अंदाज बांधतो. मग गल्लीतल्या टेम्पोवाल्या मामांच्या टेम्पोत बसून कॅसेट ऐकायची. त्यांनी सीटमागे दोन मोठे स्पीकर बसवले होते आणि बॅटरी उतरते म्हणून ते शिव्याही घालायचे. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बेस कोण वाजवतं, हे कॅसेटच्या कव्हरवर छापलेलं नसायचं. राहुलदेव बर्मन यांच्याकडे टोनी वाझ वाजवायचे, चरणजित सिंग यांनी कित्येक रेकॉर्डिंगना बेस धरला, ही नावं आम्हाला फार उशिरा कळली. पण त्यांचे पीस पाठ होते. मुखडा विसरेन, बेसचा पीस विसरणार नाही, अशी आमची गत.

स्टेजवर बेसवाल्याची जागा ठरलेली : ड्रमवाल्याच्या डाव्या हाताला, हायहॅटच्या, म्हणजे पायानं मिटणाऱ्या जोडझांजेच्या, शेजारी. पायानं वाजणाऱ्या मोठ्या किक ड्रमचा ठोका आणि बेसची तार एका वेळी पडली, की गाणं जमिनीवर उभं राहतं. ड्रमवाल्याच्या पायाकडं बघत वाजवायची सवय तेव्हा लागली ती आजही आहे. त्यापायी प्रेक्षकांकडं बघायचं राहून गेलं. बायको म्हणते, इतकी वर्षं कार्यक्रम केले आणि एका फोटोत चेहरा नाही.

गायकांनी पट्टी बदलली की आमची परीक्षा. गाणं पांढरी तीनमध्ये, म्हणजे पेटीची तिसरी पांढरी पट्टी सा धरून बसवलंय, की बेसची मोकळी, न दाबलेली जाड तार थेट षड्जाला मिळते आणि आवाज भरभरून येतो. आणि ऐन वेळी गायक मागे वळून सांगणार, ‘भाऊ, घसा बसलाय, काळी दोन धरा.’ कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळा. चार तारांच्या बेसवर पांढरी तीनच्या खाली सूरच नाही. मग काळी दोन शोधायला दुसऱ्या तारेवर सहाव्या फ्रेटला जायचं, म्हणजे जवळजवळ एक सप्तक वर. अर्ध्या सुरानं पट्टी उतरली आणि बेस वर चढला, असा उलटा कारभार. गाणं पातळ होतं. लोकांना काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण टाळ्या कमी पडतात. पहिली बरी कमाई झाली तेव्हा मी मुंबईला धोबी तलावला जाऊन पाच तारांचा बेस आणला तो यासाठीच. त्याची पाचवी तार खाली पांढरी सातपर्यंत जाते, काळी दोन चौथ्या फ्रेटवर आयती मिळते. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर मांडीवर धरून आणला होता.

मग कामं आटली. कारण साधं होतं. डाव्या हातानं कॉर्ड धरली की बेस आणि ताल स्वतःच देणारे कीबोर्ड आले. रोलँडचा ऑक्टापॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचे आठ इलेक्ट्रॉनिक पॅड, 1985 चा, तो आमच्याकडं यायला थोडी वर्षं लागली. आला तेव्हा ड्रमसेट, काँगो, तुंबा सगळं एका स्टँडवर मावलं. मालकाच्या दृष्टीनं बघा : बारा माणसांची नाईट आठ माणसांत होते, टेम्पोऐवजी जीप पुरते. आधी गेला बेस, मग ड्रम, मग ब्रासवाले. पुढं मायनस ट्रॅक, म्हणजे गायकाचा आवाज वगळून बाकी सगळी साथ असलेली रेकॉर्डिंग, आली आणि गायक एकटाच पेनड्राईव्ह घेऊन यायला लागला. यात कुणी कुणाचं वाईट केलं असं मला वाटत नाही. मंडळाची वर्गणी ठरलेली, खर्च वाढत गेलेला. मी एका औषधांच्या दुकानात हिशेब लिहायला लागलो. मिरजेत औषधांच्या दुकानांना मरण नाही.

खोलीची कल्पना आमच्या ड्रमवाल्याची. तो आता भागीदार आहे. त्याचं म्हणणं, पोरं पुन्हा बँड काढतायत, त्यांना वाजवायला जागा नाही. घरात ड्रम लावला की आई ओरडते, गच्चीवर लावला की गल्ली ओरडते. सुरुवात आमच्या घरामागच्या जुन्या गोदामात केली. शेजारच्या काकू दुसऱ्याच दिवशी आल्या. ‘तुमचं गाणं काय ऐकू येत नाही, पण माझ्या फळीवरची भांडी वाजतायत.’ त्यांनी जे सांगितलं ते ध्वनिशास्त्राला धरून होतं. अंड्याचे ट्रे आणि फोम भिंतीला चिकटवले की आवाज थांबतो हा सगळीकडचा समज. त्यानं झांजेचा, गळ्याचा आवाज खोलीत मऊ होतो, पण बेस अडत नाही. 41 हर्ट्झच्या लाटेची लांबी आठ मीटरच्या वर. तिला दोन इंची फोम दिसतसुद्धा नाही. तिला अडवायला वजन लागतं, आणि भिंतीपासून सुटी दुसरी भिंत लागते.

म्हणून कुपवाडला शेड घेतली. आत खोलीच्या आत खोली बांधली : बाहेरची वीट, मग मोकळी फट, मग रॉकवूल भरलेली जिप्समची दुहेरी भिंत, जमीन रबरावर उचललेली, एकामागं एक दोन दारं. छताला बाहेरच्या छताचा स्पर्श नाही. कर्जाचा मोठा भाग या न दिसणाऱ्या कामात गेला. गोदामातली खोली चौदा फूट लांब होती, आणि तेवढ्या लांबीत नेमका बेसच्या मोकळ्या जाड तारेचा सूर घुमतो. बाकीचे सूर सरळ आणि तो एकच ढगासारखा गडगडायचा. वाजवणारा बिचकून तो सूर हळू वाजवायला लागतो, आणि कार्यक्रमात तोच सूर गायब होतो. नव्या खोल्या त्यामुळं मोठ्या घेतल्या, लांबी-रुंदी-उंची वेगवेगळी ठेवली आणि चारी कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलचे जाड खांब उभे केले. नवी पोरं त्यांना टेकून बसतात. बसू नये.

खोली झाली, पण सराव विकायचा कसा? ऑर्केस्ट्राचे मालक सांगायचे, ‘गाणी सगळ्यांना येतात हो, डायरेक्ट स्टेजवर बघू.’ हे अर्धं खरं आहे. गाणी सगळ्यांना येतात, एकत्र येत नाहीत. गाणं मधे कधी पडत नाही. ते पडतं सुरुवातीला आणि शेवटाला. रेकॉर्डवर शेवट हळूहळू विरत जातो, स्टेजवर विरता येत नाही, कुठंतरी थांबावं लागतं, आणि आठ जण आठ ठिकाणी थांबतात. शेवटी ऑक्टापॅडवाला एक झांज आपटून सगळ्यांची अब्रू वाचवतो. म्हणून आमच्याकडं नवीन ग्रुप आला की मी एक सुचवतो : पहिला तास एकही गाणं पूर्ण वाजवू नका. फक्त उठाव, पहिल्या अंतऱ्यातून परत मुखड्यावर यायची जागा, आणि शेवट. वीस गाणी तासाभरात होतात. एका दिवाळी पहाटच्या ग्रुपानं हे ऐकलं, आणि नंतर त्यांचा निवेदक मला म्हणाला, ‘काका, पहिल्यांदाच मला माईक उचलायला निवांत वेळ मिळाला.’ त्यांच्या तोंडूनच पुढची गिऱ्हाइकं आली. जाहिरातीवर आम्ही खर्च केला तो बोर्ड रंगवण्यापुरता.

मिरजेत असण्याचा एक फायदा दुसरीकडं मिळाला नसता. इथं सतारमेकर गल्ली आहे. फरीदसाहेबांपासून दीडशे वर्षांहून जास्त चालत आलेली तंतुवाद्यांची कारागिरी; 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक (जीआय) मानांकन मिळालं. बेस दुरुस्तीला सुटे भाग मिळायचे नाहीत तेव्हा मी तिथल्या एका बुजुर्ग कारागिरांकडं जायला लागलो. त्यांनी हाडाचा तुकडा घासून नट, म्हणजे गळ्याच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी, करून दिला, तो आजही त्या बेसवर आहे. एकदा मी तक्रार घेऊन गेलो, की तार सातव्या फ्रेटवर झणझणते. त्यांनी तार छेडली, कान लावला आणि खूश झाले. ‘झकास बोलतीय की!’ त्यांचं आयुष्य सतारीच्या घोडीला कानस मारून जवारी, म्हणजे तारेचा झणझणता गुंजारव, काढण्यात गेलेलं. सूर झणझणला म्हणजे वाद्य जिवंत. मला तोच झणझणाट काढून हवा होता. बराच वेळ त्यांना पटेना. मग त्यांनी गळ्याकडं एका डोळ्यानं तिरकं बघितलं, दोन फ्रेट कागदाच्या जाडीइतके घासले आणि म्हणाले, ‘घ्या, मुकी केली.’ फ्रेटचं काम मी त्यांच्याकडूनच शिकलो. आज आमच्याकडं दुरुस्तीला कोल्हापूर, बेळगाव, सोलापूरहून बेस येतात.

भाड्यानं सामान देण्याचा धंदा त्यामानानं रूक्ष. दहा इंची चार स्पीकरचं कॅबिनेट जिन्यानं वर चढवायला दोन धडधाकट माणसं लागतात, आणि नाट्यगृहं बांधणाऱ्यांनी स्टेजपर्यंत उतार ठेवायचा असतो हे बहुतेक विसरलेलं दिसतं. विसार घेतल्याशिवाय आम्ही तारीख लिहीत नाही. हा नियम आमच्या सौंचा, बुकिंगची वही त्यांच्याकडं असते, आणि ‘वहिनींना विचारा’ एवढं म्हटलं की माझी सुटका. एका मंडळानं विसर्जनानंतर पैसे देतो म्हणून सांगितलं होतं, कुठल्या वर्षाच्या विसर्जनानंतर ते सांगितलं नव्हतं. आता बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो, त्यावरही घासाघीस होते, जणू तो मीच खातो. रात्री 10 ला स्पीकर बंद करायचा नियम 2000 सालापासूनचा आहे. सरकार वर्षातले मोजके दिवस 12 पर्यंत सूट देतं. बाकी दिवशी साडेनऊचा कार्यक्रम ही गोष्टच गेली. साडेसहाला पडदा, म्हणजे सामान दुपारी दोनला पोचलं पाहिजे, म्हणजे जेवण टेम्पोत.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. 45 फूट ही धोक्याची पातळी. गणपती तोंडावर होते, सांगलीतले बहुतेक कार्यक्रम रद्द झाले आणि ते योग्यच होतं. पाणी ओसरल्यावर लोक चिखलानं भरलेले कीबोर्ड आणि अँप घेऊन आमच्याकडं आले. ‘चालू करून बघू नका’ हे एकच वाक्य त्या महिन्यात दिवसभर बोललो. गोड्या पाण्यानं धुवायचं, उघडून वाळवायचं, पूर्ण सुकल्याशिवाय वीज लावायची नाही. अँप बरेच वाचले. लाकडी वाद्यं कमी वाचली, गळे पिळवटून गेले होते. त्यातून सावरेपर्यंत मार्च 2020 आला. नाट्यगृहं बंद, मधे थोडे दिवस निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा बंद, आणि 22 ऑक्टोबर 2021 ला परत उघडली. त्या काळात भागीदारानं ड्रम शिकवले, मी पुन्हा औषधांच्या दुकानाचे हिशेब लिहिले, शेडमालकांनी भाडं थांबवून धरलं. त्यांचं नाव लिहू नका असं त्यांनी सांगितलंय.

आता पुन्हा माणसं वाजवायला मागतात. संगीत-मेंदीच्या रात्रीला लाईव्ह बँड हवा असतो, अभंगांना बेस आणि ड्रम हवे असतात. मायनस ट्रॅकही गेलेला नाही, तो कानातल्या मॉनिटरमध्ये क्लिकसह, म्हणजे लय मोजणाऱ्या टिकटिकीसह, वाजतो आणि त्याच्यावर आम्ही वाजवतो. मला ते आवडत नाही, ड्रमवाल्याचा पाय बघायची सोय जाते. पण पोरं त्यात सफाईनं वाजवतात हे खरं आहे. शिकायला मुली येतात. बहुतेकींच्या मोबाईलमध्ये बेस वाजवणाऱ्या मोहिनी डेचा व्हिडिओ असतो आणि ‘काका, हे शिकवा’ अशी मागणी असते. मी आधी एका सुरावर चार मिनिटं लय धरायला सांगतो. दोघी-तिघी दुसऱ्या दिवशीही येतात. त्यातली एक आता कोल्हापूरच्या एका बँडमध्ये आहे आणि मला पट्टी सांगायला लागते इतका माझा कान उतरलाय.

दर विचारणाऱ्यांसाठी : मोठी खोली तासाला 400 रुपये, लहान 300. अनंत चतुर्दशीपर्यंत संध्याकाळची वेळ ऑर्केस्ट्रांना आधी दिलेली असते, कॉलेजच्या मुलांनी रुसू नये. सकाळी सात ते दहा निम्मा दर आहे, कारण त्या वेळी कुणी कलाकार उठत नाही. डॉक्टर उठतात. मिरजेतल्या डॉक्टरांचा एक बँड मंगळवारी आणि शुक्रवारी सातला येतो, साडेआठला एकाला ओपीडी असते, तो जातो आणि उरलेले त्याच्याशिवाय वाजवत बसतात. तो बेसवाला आहे. तेवढ्या वेळापुरता त्याच्या जागी मी उभा राहतो, त्याचे पैसे घेत नाही.