पाड्यावर निघालेल्या फादरची शिकवणी

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज त्याने चौथीच्या पुस्तकातला अख्खा धडा न अडखळता वाचला. शेजारणीचा भाचा. नुकताच पाद्री झालाय आणि नवीन वर्षात डहाणूकडच्या डोंगरातल्या एका आदिवासी पाड्यावर त्याची नेमणूक आहे. शिक्षण सगळं इंग्रजीत, प्रार्थना रोमी म्हणजे रोमन अक्षरांतल्या कोंकणीत, देवनागरीशी ओळख शाळेतल्या हिंदीपुरती. तिथे पंचायत, शाळा, दवाखाना, तहसील, सगळा कारभार मराठीत. म्हणून संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसतो. घरात आमची कोंकणी, पण शाळा, कीर्तन, वर्तमानपत्र मराठी, असं माझ्या पिढीतल्या, गोव्यातल्या शिरोड्याच्या माणसाचं आयुष्य गेलं. त्यात मी मराठी प्राथमिक शाळेतली बाई. त्याला लहानपणी आमच्या अंगणात चिंचा वेचताना पाहिलाय, म्हणून ‘फादर’ तोंडात येत नाही. ‘पुता’च म्हणते.

धडा संपल्यावर त्याला ख्रिस्तपुराणाच्या काही ओव्या वाचायला दिल्या. सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, नाव ऐकलं होतं, वाचलं कधी नव्हतं. आमच्या परसातून उतरून नदी ओलांडली की पलीकडे रायतूर. हे पुराण तिथे १६१६ साली छापलं गेलं. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमी अक्षरांत छापलेली मराठी. जवळजवळ अकरा हजार ओव्या. लिहिणारा फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचा. १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि चाळीस वर्षांनी इथेच वारला. बहुतेक काळ साष्टीच्या, म्हणजे नदीपलीकडच्या दक्षिण गोव्यातल्या महालाच्या गावांत काढला. इथल्या बोलीचं त्याने लिहिलेलं व्याकरण त्याच्यामागे १६४० मध्ये रायतूरलाच छापलं.

पोर वाचत गेला आणि मध्येच थांबून म्हणाला, “बाई, हे तर आरतीच्या पुस्तकासारखं वाटतं.” वाटणारच. ज्यांच्यासाठी ते लिहिलं त्यांचे कान ज्ञानेश्वरीच्या चालीत घडलेले होते. पुराणाच्या सुरुवातीलाच नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी काहीतरी द्याल की नाही? हा प्रश्न स्टीफन्सने लपवला नाही. आपल्या ग्रंथाच्या दारातच मांडून ठेवला. बाहेरून आलेल्या माणसाने गावाचं एवढं ऐकून घेतलं, याबद्दल मला त्याच्याविषयी फार आदर आहे. पण मुळात ती पुराणं बंद करणारं पोर्तुगीज राज्यही त्याच्याच पाठीशी होतं, हे विसरून तो आदर करता येत नाही. मी हे मोठ्याने म्हटलं. त्याने मान हलवली आणि ओव्यांची चाल विचारली. मी म्हणून दाखवली.

३ डिसेंबर, बुधवार

जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त. शेजारचं घर पहाटेच रिकामं झालं, त्यामुळे शिकवणी नाही.

फेस्ताच्या दिवशी हे लिहावं की नाही असं क्षणभर वाटलं. पण वहीत खरं तेच लिहायचं. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आला. हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्याने पोरांना हाका मारायचा, आजाऱ्यांच्या उशाशी बसायचा. दक्षिणेत मोती काढणाऱ्या कोळ्यांच्या वाड्यांत गेला, तेव्हा प्रार्थना तमिळमध्ये करून घेऊन त्या पाठ करून शिकवल्या. त्याच माणसाने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यासाठी इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय मागितलं. ते त्याच्या मृत्यूनंतर १५६० मध्ये आलं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत राहिलं. अनाथ हिंदू मुलं पाद्र्यांच्या हवाली करण्याचा हुकूम १५५९ चा. आमची देवी कामाक्षी मूळची पलीकडच्या राय गावची. साष्टीतली देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा तिला नदीपार इकडे आणली. मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून, असे किती देव अंत्रुजात, म्हणजे आमच्या फोंडा महालात आले. तेव्हा ही बाजू पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हती. देवळात दर सोमवारी जाताना माझ्या मनात हे असतंच असं नाही, पण कधीतरी पावलं जड होतात.

आज दिवसभर डोक्यात रोदोल्फो आक्वाविवा होता. हा जेजुइट संघाचा पाद्री १५८० मध्ये अकबराच्या बोलावण्यावरून फत्तेपूर सिक्रीला गेला. मौलवींच्या समोर बसून त्याने वाद घातले, कडक शब्दांत घातले. बादशहाने त्याला सन्मानाने ठेवलं. बादशहा ख्रिस्ती झाला नाही, पण आक्वाविवाच्या केसालाही धक्का लागला नाही. १५८३ मध्ये तो गोव्यात परतला आणि त्याच वर्षी कुंकळ्ळीत चर्चसाठी जागा बघायला गेला असताना चार सोबत्यांसह मारला गेला. त्याच्या हातात शस्त्र नव्हतं. पण त्याच्या आधी त्या भागात सैन्य येऊन गेलं होतं, देवळं जाळली गेली होती. गावाला समोर दिसली ती फौज. पुढे कुंकळ्ळीच्या गांवकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, असोळण्याच्या किल्ल्यात बोलणी करायला बोलावलं आणि तिथे ठार मारलं. त्या पाच पाद्र्यांचे देह मिळवून मूठमाती देणाऱ्यांत हाच स्टीफन्स होता.

तीच श्रद्धा, तोच माणूस. फत्तेपुरात त्याच्यामागे कोणी नव्हतं, कुंकळ्ळीत राज्य होतं. मला जे समजून घ्यायचंय ते सगळं या फरकात आहे असं वाटतं. पोराला हेच सांगायचंय.

९ डिसेंबर, मंगळवार

सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, “बाई, तुम्ही जुझे व्हाझचं नाव नाही घेतलंत.”

नाव मुद्दाम राखून ठेवलं होतं, पण त्यानेच काढलं हे बरं झालं. मग दोघे तासभर त्याच्याविषयीच बोलत बसलो. व्याकरण राहून गेलं.

जुझे व्हाझ जन्मला १६५१ मध्ये बाणावलीला, घराणं सांकवाळचं. म्हणजे ज्या साष्टीत शंभर वर्षांपूर्वी देवळं पाडली, त्याच मातीतला. पूर्वज सारस्वत ब्राह्मण, त्याच काळात कधीतरी बाटलेले. पाद्री झाला तरी युरोपी संघ त्याच्यासारख्या स्थानिकांना आत घेत नव्हते. म्हणून जुन्या गोव्याच्या टेकडीवर गोव्याच्याच पाद्र्यांनी आपला संघ उभा केला, त्याचा तो प्रमुख झाला. लंकेत डचांनी पोर्तुगीजांना हाकलून कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली होती. लपूनछपून प्रार्थना करणारे लोक कित्येक वर्षं पाद्रीविना राहिले होते. ते कानावर आल्यावर याला चैन पडेना. १६८७ मध्ये हमालाच्या वेषात, एका विश्वासू नोकरासोबत, तो जाफन्याला उतरला. उतरला तोच हगवणीने मरायला टेकलेला. बरा झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागत फिरला. माळेकडे कोणाची नजर अडखळते ते बघायचा. जो अडखळला तो आपला.

आधी तमिळ शिकला, मग सिंहली. १६९२ मध्ये कँडीला पोचला तर पोर्तुगीजांचा हेर म्हणून कैदेत टाकला. कैदेतच भाषा पक्की केली. राजा विमलधर्मसूर्य दुसरा बौद्ध होता. त्याने हळूहळू या माणसाला ओळखलं आणि मोकळा फिरू दिला. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. घरच्यांनी रोग्यांना रानात टाकलं. व्हाझ आणि त्याचा एक साथी त्यांना खायला घालत होते, त्यांच्या जखमा धूत होते. रोगी कोणत्या धर्माचा हे त्यांनी विचारलं नाही. देऊ केलेलं मोठं पद नाकारलं. गोव्याला परत आलाच नाही. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच वारला. २०१५ मध्ये पोपने कोलंबोला येऊन त्याला संत म्हणून जाहीर केलं तेव्हा शेजारच्या घरी टीव्हीसमोर मीही बसले होते.

पोराला म्हटलं, नीट बघ. आमच्याशी पोर्तुगीज वागले तसे डच तिकडे कॅथलिकांशी वागले. ज्याच्या पणजोबांना सत्तेने देव बदलायला लावला, त्याचा पणतू सत्तेने देव हिरावलेल्यांसाठी जीव धोक्यात घालून गेला. आणि त्याला आसरा दिला दुसऱ्याच धर्माच्या राजाने. असा माणूस आपल्या गोव्यातून गेला याचा मला, कामाक्षीची कुळावी असलेल्या बाईला, मनापासून अभिमान आहे. त्याच्यामागे तोफ नव्हती. जे मिळालं ते लोकांनी दार उघडून दिलं म्हणून मिळालं. आणि दार उघडणाऱ्याला पुन्हा लावून घेण्याचीही मोकळीक होती.

तो म्हणाला, आजही लोक आमच्याकडे बघतात तेव्हा मागे तोफ बघतात. खरं आहे. चारशे वर्षांची तोफ अशी एका नेमणुकीच्या पत्राने दिसेनाशी होणार नाही.

१४ डिसेंबर, रविवार

शेजारणीने दोदोलाची कढई चढवली आहे. गुळाचा आणि नारळाच्या रसाचा वास सगळ्या वाड्यावर. तिचे हात दुखतात म्हणून ढवळायला गेले होते. ती भाच्याच्या काळजीने अर्धी झालीय. तिथे पाणी असेल का, साप असतील का, लोक मारतील का. शेवटच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज मावशी-भाचे पिलारला जाऊन आले. गुरुवारी तिथे फादर आग्नेलच्या समाधीपाशी गर्दी असते, त्यात हिंदूही पुष्कळ. मुंबईकडच्या वाचकांना हे नाव वांद्र्याच्या आणि वाशीच्या शाळा-कॉलेजांमुळे ठाऊक आहे. हा हणजूणचा माणूस आमच्या शिरोड्यात पाद्री होता, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं.

त्याच्या संघाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. १८३५ च्या सुमारास पोर्तुगालच्या सरकारनेच सगळे धार्मिक संघ मोडून काढले, मठ रिकामे झाले. त्यानंतर १८८७ मध्ये फादर बेंतो मार्तिन्स यांनी काणकोणात आगोंदला एक नवा मिशनरी संघ काढला. आता तिथे परदेशी पर्यटक असतात. तेव्हा तो गोव्याचा अगदी टोकाचा, वाटा नसलेला मुलूख. काणकोण, फोंडा, सत्तरी हे नव्या काबिजादीचे महाल पोर्तुगीजांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तेव्हा धर्मात हात घालणार नाही असं वचन द्यावं लागलं होतं. त्यामुळे इथे आलेल्या पाद्र्याला साष्टीसारखा हुकूम चालवता येत नव्हता. संघ पिलारला गेला, पण माणसं मिळेनात. विझतच आला होता. आग्नेल त्यातल्या थोडक्यांपैकी एक. शिरोड्यानंतर तो रायतूरच्या सेमिनरीत होता, तिथेच २० नोव्हेंबर १९२७ रोजी गेला. १९३९ मध्ये त्याचे अवशेष पिलारला आणले आणि त्याच वर्षी काही तरुण पाद्र्यांनी संघाला पुन्हा उभं केलं. पुढे तेच लोक अंदमानापर्यंत पोचले.

कामाक्षी ज्या गावात आसऱ्याला आली, त्याच गावात साडेतीनशे वर्षांनी एक पाद्री नुसता सेवा करायला आला, आणि गावाने त्याला राहू दिलं. दोन्ही गोष्टी शिरोड्याच्याच. एक सांगायची आणि दुसरी गिळायची, असं माझ्याच्याने होत नाही. आमच्यातले काहीजण पहिलीच सांगतात, शेजारच्या वाड्यावर दुसरीच ऐकू येते. पोरं मात्र दोन्हीकडची एकाच शाळेत बसतात.

२ जानेवारी, शुक्रवार

तो पुढच्या आठवड्यात निघणार. आज विचारलं, “बाई, तिथे काय करू आणि काय नको, तुमच्या मनातलं सांगा.” मी थोडा वेळ घेतला आणि सांगितलं ते असं.

डहाणू-तलासरीच्या वारल्यांनी १९४५ मध्ये जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. त्या लोकांना बाहेरून आलेला माणूस चांगला ओळखता येतो. तू गोड बोललास म्हणून कोणी विश्वास ठेवणार नाही. माझं मराठी तुला तहसीलदारापर्यंत नेईल. चुलीपाशी वारली बोलावी लागेल, ती म्हाताऱ्या बायकांकडून शीक. रेशनकार्ड, जातीचा दाखला, वनहक्काचा अर्ज, हे कागद समजून घे. पाड्याला याचीच गरज असते. त्यांचा वाघोबा, हिरवा देव, लग्नातला चौक, याला भूतबाधा म्हणू नकोस. तुझ्या संघातलं कोणी म्हणालं तरी तू म्हणू नकोस. औषध देताना, पोराला बोर्डिंगात घेताना बाप्तिस्म्याचा विषय काढू नकोस, मनातही ठेवू नकोस. भुकेल्या माणसाचा होकार हा होकार नसतो. कोणी आपणहून तुझ्या देवाविषयी विचारलं तर जरूर सांग. लपवू नकोस. श्रद्धा लपवणारा माणूस मला आवडत नाही. पण विचारणाऱ्याचं पोट भरलेलं असू दे, आणि ‘नको’ म्हटल्यावरही त्याचं पोर तुझ्या शाळेत राहू दे.

त्याने यातलं बरंचसं वहीत उतरवलं, मराठीत. एका ठिकाणी त्याने वाद घातला. म्हणाला, “मनातही ठेवू नको म्हणता, बाई, पण मी जातोय तो त्याच्यासाठीच. तो मनात नसेल तर मी तिथे टिकणार कसा?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. व्हाझच्याही मनात तो होताच. मी माझं वाक्य मागे घेतलं नाही, त्याने त्याचं सोडलं नाही. मग मी चहा केला.

उद्या अर्ज कसा लिहायचा ते घ्यायचं आहे. ‘विनंती विशेष’ त्याला अजून जमत नाही. सोमवारी शेवटची उजळणी. दर महिन्याला एक पत्र मराठीत लिहायचं कबूल केलंय, चुका लाल शाईने काढून परत पाठवेन असं मी सांगितलंय.