आमची वाटचाल: नरक्या, दादा आणि निळा दिवा

नरक्या हे जंगलातलं झाड, त्याच्या लाकडातून कर्करोगाच्या औषधाचा कच्चा माल निघतो. या धंद्यात लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या आधीही माणसं होती. पण वनखात्याच्या पासाशिवाय एक फाटी आत घेतली नाही, असं छातीवर हात ठेवून सांगणारे आम्हीच.

सुरुवातीला मी आणि माझा आतेभाऊ, दादा. भांडवल म्हणजे एक जुना एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे अर्क काढायचं यंत्र, आणि दादाचा यूव्ही दिवा. चिपा मेथनॉलमध्ये उकळायच्या, अर्काचा थेंब प्लेटवर टाकायचा, खिडकीला गोणपाट लावायचं. त्यात कॅम्प्टोथेसिन, म्हणजे औषधाचा मूळ रेणू, असला की दिव्याखाली ठिपका निळाशार पेटतो. दादा म्हणायचा, "काटा व्यापाऱ्याचा, दिवा आपला."

१९६६ साली अमेरिकेत वॉल आणि वानी यांनी हा रेणू एका चिनी झाडातून वेगळा काढला. १९७२ साली तो आपल्या नरक्यात सापडला, तोही जास्त. त्याचं काम मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो. पेशी दुभंगायची तर डीएनएचा पीळ सुटावा लागतो. टोपोआयसोमरेज-१ हे एन्झाइम एक धागा कापतं, पीळ सोडवून परत जोडतं. आपला रेणू त्या कापावर पाचरीसारखा बसतो, सांधा जुळू देत नाही. नक्कल करणारी यंत्रणा येऊन तिथे आदळते, दोन्ही धागे तुटतात, पेशी मरते. यापासून बनवलेलं इरिनोटेकॅन हे औषध जठराच्या कर्करोगातही देतात.

तिसऱ्या वर्षी पलीकडच्या गल्लीतल्या एकाने रात्रीचं लाकूड आणून भाव निम्म्यावर पाडला. त्याच महिन्यात आमचा घात झाला. रेणूत लॅक्टोन नावाचं अणूंचं एक कडं असतं. ते अल्कलीत उघडतं, माल पाण्यात उतरतो. आम्ल घातलं की कडं मिटतं, माल खाली बसतो. (१९७०च्या सुमाराला उघड्या कड्याचं लवणच रुग्णांना दिलं, गुण थोडा, मूत्राशयाला इजा फार.) आमच्या ऑपरेटरने आम्ल घालण्याआधीच पाण्याचा थर सोडून दिला. रात्री दादाने ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या, टाकीतलं पाणी बाटलीत भरून दिव्यासमोर धरलं. बाटली निळी उजळली. आमचं वर्षाचं भांडवल त्या टाकीत होतं.

गल्लीतल्याने गिऱ्हाइकांना फोन केले, "त्यांचं दिवाळं निघालं." ते मी विसरलेलो नाही. हैदराबादचे एकच खरेदीसाहेब स्वतः आले, बाटली पाहिली आणि पुढच्या लॉटचा ॲडव्हान्स देऊन गेले. आजही पहिला लॉट त्यांचाच निघतो.

पुढची वर्षं नीट गेली.

नव्यांनो, चोरटं लाकूड घेऊ नका. झाड मुळासकट गेलं की धंदाही जातो. रोपं लावा, बी ताजं असतानाच पेरा. आणि कोणी कितीही सांगो, सालीचा काढा पिऊ नका. हे विष आहे, मात्रा डॉक्टरच ठरवतात. गेटवर अजून माणसं येतात, वडिलांचे रिपोर्ट पिशवीत घालून साल मागायला. मी त्यांना बसवतो, चहा देतो आणि परळला टाटा हॉस्पिटलला कसं जायचं ते कागदावर लिहून देतो.