तुम्ही विचारलंत म्हणून: नर्सिंगचं मास्टर्स किती दिवसांत होतं?

आयटी सोडून मी इथे, न्यू जर्सीत, नर्स झाले. तेव्हापासून गणपतीच्या आरतीनंतर असो की कुणाच्या डोहाळजेवणात, एक प्रश्न ठरलेला: "ताई, दुसऱ्या विषयातली डिग्री असली तरी थेट मास्टर्स करून नर्स होता येतं म्हणे. किती दिवसांचा कोर्स?"

कोलंबिया विद्यापीठाचा १५ महिन्यांचा आहे. जॉन्स हॉपकिन्सला उन्हाळ्याची धरून पाच सेमिस्टर, म्हणजे साधारण दोन वर्षं. येलला तीन, पण तिथे पहिलं वर्ष आरएन (रजिस्टर्ड नर्स, म्हणजे लायसन्स असलेली नर्स) होण्यासाठी आणि पुढची दोन स्पेशलायझेशनची. त्यामुळे १५ महिने आणि तीन वर्षं शेजारी ठेवून 'हे लवकर होतं' असं ठरवू नका. १५ महिन्यांनंतर परीक्षा देऊन तुम्ही मास्टर्स असलेल्या आरएन होता. नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं, पेशंट तपासून औषधं लिहून द्यायची, तर पुढे आणखी शिकावं लागतं. फी भरण्याआधी हे नीट विचारून घ्या, अगदी कळकळीने सांगते.

आणि महिने मोजायचे ते प्रवेशाच्या बऱ्याच आधीपासून. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स, कुठे केमिस्ट्री, कुठे न्यूट्रिशन, एवढं आधी हातात लागतं. पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, म्हणजे दोन सेमिस्टर तिथेच गेली. बऱ्याच ठिकाणी फार जुने सायन्सचे विषय धरत नाहीत, तेव्हा बीएस्सीवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. भारतातल्या डिग्रीचं मूल्यमापन करून घ्यायचं असतं. त्यासाठी आपल्या विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि गुणांचा अधिकृत दाखला) मागवायला सगळ्यात आधी लागा.

मी हे विषय कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी केले. लॅबमध्ये मेंढीचं हृदय उघडलं, तेव्हा झडपांना धरून ठेवणारे पांढरे, बारीक तंतू चिमट्याने ओढून पाहिले. तुटेनात. आज एखाद्या पेशंटच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर मर्मर, म्हणजे ठोक्यांमधली जादा खरखर, ऐकू आली की मला ते तंतू दिसतात. म्हणून त्या वर्षाला कुणी 'फुकट गेलेलं' म्हटलं की मला वाईट वाटतं.

कोर्स सुरू झाला की नोकरी सांभाळून जमवू, हा विचार सोडा. आठवड्यातून दोन-तीन दिवस क्लिनिकल, म्हणजे पेशंटजवळचं प्रशिक्षण, तेही बऱ्याचदा बारा तासांचं, उरलेले दिवस लेक्चर आणि परीक्षा. घरात लहान मूल असेल तर आधी माणसांची सोय बघा, मग पैशांची. शेवटी एनक्लेक्स, म्हणजे नर्सच्या लायसन्सची परीक्षा: ८५ ते १५० प्रश्न, पाच तासांची मुदत. मग लायसन्स, मग नोकरीचा शोध.

सगळं धरून तीन वर्षं तरी मनात ठेवा. नुसतं आरएनच व्हायचं असेल, तर दुसऱ्या पदवीचं बीएसएन (नर्सिंगची बॅचलर्स) साधारण ११ ते १८ महिन्यांत होतं आणि सहसा स्वस्त पडतं. परीक्षा तीच, लायसन्सही तेच. मला विचारलंत तर बहुतेकींना मी हाच रस्ता सुचवते.

एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असाल तर शिकायला आडकाठी नाही, पण पगारी कामाला वर्क परमिट लागतं. ते कधी मिळेल याचा अंदाज वकिलाकडून घ्या आणि तोवर संध्याकाळच्या ॲनाटॉमीच्या वर्गात नाव घाला.