दात काढला त्याच खुर्चीत इम्प्लांट: कधी बसवतो, कधी थांबतो

"दात काढला तर स्क्रूही आजच बसवून द्या न डॉक्टर, दोनदा कायले येऊ?" स्क्रू म्हणजे इम्प्लांट, जबड्याच्या हाडात बसवायचं धातूचं कृत्रिम मूळ. तालुक्याच्या गावी हा रोजचा प्रश्न. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर रास्तच. पण पक्कं उत्तर दात निघाल्यावरच देता येतं. ते दात निघून पडलेल्या खड्ड्याच्या ओठाकडच्या हाडाच्या भिंतीवर ठरतं.

वरच्या पुढच्या दातांत ही भिंत बहुतेकांची १ मिमीहून पातळ असते. म्हणून तिथे फोर्सेप्सने (दात काढायच्या चिमट्याने) हलवाहलव करत नाही. पेरिओटोम या पातळ पात्याच्या हत्याराने दाताभोवतीचे तंतू तोडत जातो, वेळ लागला तर लागू दे. दाढ असेल तर मुळं बरने (ड्रिलच्या कापणाऱ्या टोकाने) वेगळी करून एकेक काढतो. मग खड्डा क्युरेटने खरवडून, सलाइनने धुऊन, प्रोबने, म्हणजे बारीक सळईने, भिंत आतून चाचपतो. प्रोब कडक हाडाऐवजी मऊ हिरडीत रुतला की त्या दिवशी इम्प्लांट नाही. पू वाहत असेल तरीही नाही.

भिंत शाबूत असेल तर ड्रिल मधोमध न धरता टाळूकडच्या उतारावर धरतो. नवशिक्याचं ड्रिल मोकळ्या खड्ड्याकडे घसरतं, इम्प्लांट ओठाकडे झुकतो आणि पुढे हिरडी वर सरकून धातू दिसू लागतो. मुळाच्या टोकापलीकडे ३-४ मिमी हाड मिळालं की पकड येते. तेवढी जागा आहे का, हे आधीच सीबीसीटीत, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेत, पाहायचं. त्यासाठी नागपूर-वर्ध्याची खेप चुकत नाही. सलाइनची धार अखंड हवी, कारण ४७ अंशांवर मिनिटभर तापलेलं हाडही मरतं. लाइट जाणारच, हे धरून इन्व्हर्टर. भिंत आणि इम्प्लांटमधली फट २ मिमीहून जास्त असेल तर हाडाची पूड भरतो. टॉर्क, म्हणजे इम्प्लांट पिळून बसवतानाचा जोर, ३५ न्यूटन-सेंटिमीटरला पोचला नाही तर वर तात्पुरता दात लावत नाही.

खरी गोची तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. जुन्या हाडाची पकड सैल होत असते, नव्याने अजून धरलेलं नसतं, आणि दुखत काहीच नाही. नेमका तेव्हा पेशंट फुटाण्यांवर येतो, तंबाखू-सुपारीचा खर्राही परत तोंडात. २०१९ च्या एका एकत्रित आढाव्यात ताबडतोब बसवलेले ९४.९ टक्के इम्प्लांट टिकले, जखम भरल्यावर बसवलेले ९८.९. म्हणून खर्रा सुटत नसेल किंवा साखर ताब्यात नसेल, तर दोन खेपा करायलाच लावतो.

कापूस वेचणीत टाके काढायला कुणी येत नाही. त्या दिवसांत विरघळणारेच टाके घालतो.