फुजीकावाच्या काठावर

रविवार, १९ जानेवारी २०२५

पहाटे चारला गजर लावला होता, पण तीन पन्नासलाच जाग आली. ऑफिसच्या दिवशी असं कधी होत नाही. थर्मासमध्ये चहा, दोन पराठे, दोन बॅटऱ्या (एक स्वेटरच्या आत, कारण थंडीत त्या लवकर मान टाकतात) आणि निशी-कासाईहून पहिली मेट्रो. मग तोक्योहून साधी लोकल, आतामीला गाडी बदलून फुजीकावा. शिनकान्सेनचे, म्हणजे इथल्या बुलेट ट्रेनचे, फोटो काढायला जाताना शिनकान्सेननं जायचं नाही, हा माझा नियम. तत्त्व वगैरे काही नाही, खिशाचा प्रश्न आहे.

डिसेंबरातली फजिती अजून डोक्यात होती. तेव्हा हिगाशी-तागोनौराला उतरले होते. नकाशात दिसतं ते अगदी सोपं: दक्षिणेला शेतं, मधून आडवी जाणारी तोकाइदो शिनकान्सेन, उत्तरेला फुजी. आपण शेतांच्या बाजूला उभं राहायचं म्हणजे हिवाळ्यात ऊन बराच वेळ पाठीवर राहतं आणि गाडी, डोंगर दोन्ही उजळतात. हे सगळं खरंच आहे. पण नकाशा दोन गोष्टी सांगत नाही. एक म्हणजे आवाज अडवणारी भिंत. कुठे ती गुडघ्याएवढी वाटते, तर कुठे गाडीच्या खिडक्यांपर्यंत येते, आणि मग फोटोत चाकं नसलेला पांढरा साबण घरंगळताना दिसतो. दुसरा आशिताका. पूर्वेच्या नुमाझू शहराच्या बाजूनं पाहिलं तर हा बुटका डोंगर फुजीच्या पुढ्यात येऊन बसतो, जणू लग्नाच्या फोटोत मध्येच घुसलेले काका. पश्चिमेकडे चालत राहावं तसतसा तो बाजूला सरतो. त्या दिवशी चार तास चालले, भिंत बुटकी आणि काका बाजूला अशी जागा मिळाली, तोवर फुजी ढगात गेला होता.

म्हणून आज थेट नदी गाठली. फुजीकावा स्टेशनवरून नदीच्या पश्चिम काठानं समुद्राच्या दिशेनं चालत गेलं की शिनकान्सेनचा पूल लागतो, १,३७३ मीटर लांब. पुलाच्या खालच्या अंगाला उभं राहून वर पाहायचं: पुढे खडकाळ पात्र, मग पूल, आणि त्याच्या डोक्यावर अख्खा फुजी, मध्ये कुणी काका नाहीत. पावणेनऊला पोहोचले तेव्हा आकाश इतकं स्वच्छ होतं की मला हसूच आलं. काठावर पाच-सहा जण आधीच होते. मान लववून ‘ओहायो गोझाइमासु’ म्हटलं आणि कुणाच्याही चौकटीत येणार नाही अशी कोपऱ्यातली जागा धरली. इथे रेल्वेचे फोटो काढणाऱ्यांना ‘तोरितेत्सु’ म्हणतात, आणि शेतं तुडवणाऱ्या, फलाटावर आरडाओरडा करणाऱ्या काही जणांमुळे हा शब्द आता थोडा शिवीसारखाच झालाय. त्यामुळे मी जरा जास्तच वाकते.

गाड्यांना तोटा नाही. गर्दीच्या वेळी तासाला बारापर्यंत नोझोमी, म्हणजे सगळ्यात कमी थांबणाऱ्या गाड्या, एका दिशेनं सुटू शकतात, शिवाय जरा जास्त थांबणाऱ्या हिकारी आणि प्रत्येक स्टेशन घेणाऱ्या कोदामा वेगळ्या. सोळा डब्यांची, सुमारे ४०० मीटरची गाडी कमाल २८५ किलोमीटर वेगानं आली, तर पुलावर नाक चढल्यापासून शेपूट उतरेपर्यंत बावीस-तेवीस सेकंद मिळतात. पुष्कळ वाटतात ना? पण पूल लोखंडी कैच्यांचा आहे. गाडी त्या तिरप्या पट्ट्यांच्या आतून जाते आणि कॅमेरा बिचारा जवळचं लोखंड पकडून बसतो. पहिल्या सहा गाड्यांचे माझ्याकडे पट्ट्यांचे उत्तम फोटो आहेत. सातव्या वेळी फोकस हातानं लावून कुलूपबंद केला. शटर एका सेकंदाचा दोन हजारावा भाग, तरी तेवढ्यात गाडी चार सेंटिमीटर पुढे जातेच. आठवी एन७००एस, म्हणजे नव्या मॉडेलची, होती. नाकाच्या दोन्ही कडांच्या ठसठशीत घड्यांवरून ती आता मला लांबूनही ओळखता येते. नाक बरोबर दोन पट्ट्यांच्या मधल्या त्रिकोणात आलं आणि बोट दाबलं गेलं.

स्क्रीनवर मोठं करून पाहिलं. चांगला आहे. चांगला म्हणजे कॅलेंडरसारखा आहे. हाच फोटो मी हजारदा पाहिलाय, फक्त आज तो माझ्या कार्डात आहे.

शेजारचे आजोबा कुणालाच न सांगता डॉक्टर येलोची वाट पाहत असावेत. रुळांची, तारांची तपासणी करणारी ती पिवळी गाडी. तिचं वेळापत्रक जाहीर करत नाहीत आणि ही लाइन चालवणाऱ्या जेआर सेंट्रल कंपनीची डॉक्टर येलो याच महिन्यात निवृत्त होतेय. साडेदहाला त्यांनी फुजीकडे बोट केलं, ‘कुमो’ म्हणाले, आणि तिपाई मिटायला लागले. कुमो म्हणजे ढग. वीस मिनिटांत डोंगर पुसून टाकल्यासारखा गेला. पिवळी गाडी आली नाही.

परतताना ओदावाराला उतरले, ठरवलेलं नव्हतं. फलाटाचं तिकीट काढून शिनकान्सेनच्या फलाटावर गेले. इथे फलाट दोन बाजूंना आणि न थांबणाऱ्या गाड्यांचे रूळ मधोमध, त्यामुळे समोरच्या फलाटावरून सगळं मोकळं दिसतं. तिपाई आणि फ्लॅश इथे चालत नाही, पिवळ्या पट्टीच्या आतच राहायचं. समोर एक कोदामा येऊन थांबली. तिला घाई नव्हती, मागून येणाऱ्या नोझोमीला वाट द्यायची होती. आधी रूळ गुणगुणल्यासारखे झाले. मग हवेचा एक धक्का छातीवर बसला, आणि पाचेक सेकंद पांढरं-निळं काहीतरी वाहत राहिलं. थांबलेली कोदामा त्या वाऱ्यानं चक्क हलली. डोंगर नाही, नदी नाही, पण नदीकाठी चाळीस गाड्या पाहूनही ही गाडी किती जोरात जाते ते मला कळलं नव्हतं. लांबच्या भिंगातून ती बागेतल्या झुकझुक गाडीसारखी दिसते, हा शोध मला आज लागला.

शटर मुद्दाम खूप कमी केलं, एका सेकंदाचा साठावा भाग, आणि गाडीबरोबर कॅमेरा फिरवत राहिले. तेवीस फोटो वाया गेले. चोविसाव्यात चालकाच्या खिडकीपुरतं स्पष्ट आलंय, बाकी सगळ्या रेघा. तोच बाबांना पाठवला.

कर्जतच्या फलाटावर मला खांद्यावर बसवून घाटासाठी मागे बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिनं, जोडताना दाखवणारे तेच. लगेच फोन आला.

‘‘अगं, फुजी कुठाय यात?’’

‘‘ढगात, बाबा.’’

‘‘बरं. आणि हा खिडकीतला माणूस कुणाला बोट दाखवतोय?’’

मी फोटो पुन्हा मोठा केला. पांढऱ्या मोज्यातला हात, एक बोट सरळ पुढे. जे तपासायचं त्याकडे बोट दाखवून ते मोठ्यानं म्हणायची इथल्या चालकांची पद्धत आहे. मला तो दिसलाच नव्हता.