तुम्ही विचारलंत म्हणून: जॅझ शिकलात कुठे?

कार्यक्रम संपला की कुणीतरी हमखास गाठतं. "आडनाव तर मराठी, मग जॅझ कुठे शिकलात?" उत्तरात अमेरिका येईल असं वाटत असतं. मी म्हणते, गिरगावात.

आमच्या वडिलांचा जीव सी. रामचंद्रांवर. 'अलबेला'ची (१९५१) गाणी रेडिओवर लागली की पानावरचा घास तसाच राहायचा. माझं लक्ष मात्र मागच्या ट्रम्पेटकडे. पुढे कळलं, अण्णांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या, साथीला चिक चॉकलेट असायचे, म्हणजे हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ. गोव्यातल्या चर्चच्या संगीतशाळांत नोटेशन शिकलेले असे कितीतरी वादक रात्री मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवत आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी. चाळीत जॅझ आलं ते असं, मागच्या दाराने.

मग कोंकणी गायिका लॉर्ना. धोबी तलावला गोवेकरांची कुडं, म्हणजे एकत्र राहायच्या खोल्या, होती, त्या बाजूच्या एका शिंप्याकडे तिची कॅसेट लागलेली असायची. क्रिस पेरींच्या बँडबरोबर गायलेली कोंकणी गाणी. ब्लाउज शिवायला टाकायला गेलेली मी 'बेबदो' संपेपर्यंत तिथेच उभी. बाईने इतकं मोकळं, छातीतून गायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! क्रिस पेरींपासून वेगळी झाल्यावर ती वीसेक वर्षं गायली नाही, १९९५ साली परतली. त्या मधल्या वर्षांचा मला अजून राग येतो.

गळा तयार झाला तो ख्यालाच्या शिकवणीत, आणि तिथेच घोळही झाला. ब्लूजमधला, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेल्या गाण्यातला, गंधार पेटीवर सापडेना. दरबारी रागातला लावून पाहिला, तो फार खाली गेला. हा कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये रेंगाळतो, पट्टी नसलेल्या जागेत. शेवटी पेटी मिटवली आणि तंबोऱ्यावर शोधला.

लयीचं दुखणं त्याहून मोठं. तीनताल अंगात मुरलेला, त्यामुळे प्रत्येक ओळ मी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, नेऊन आपटायची. जॅझमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, आणि गाणारीने ठेक्याच्या किंचित मागे राहायचं. पहिल्याच तालमीत आमचे म्हातारे पियानोवाले हात थांबवून म्हणाले, "बाय, इतकी घाई कित्याक?"

अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड १९६० साली बर्लिनच्या मैफलीत गाण्याचे शब्द विसरली आणि मनाचे शब्द नि निरर्थक अक्षरं जुळवत गाणं तडीस नेलं. ते रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा पहिल्यांदा धीर आला. बंदिशीचा अंतरा आठवेना झाला की आम्हीही आकारात, नुसत्या 'आ'वर, घुसतोच की.

ब्लूजचे बारा बार, म्हणजे चार-चार मात्रांचे बारा खंड, मी अजून पेरांवर मोजते. चार बोटं, बारा पेरं. पहिली चार सा, पाचव्यावर मध्यम, सातव्यावर परत सा, नवव्यावर पंचम. एकेका पेरात चार मात्रा, अठ्ठेचाळीसचं आवर्तन. स्टेजवर हात साडीच्या पदराखाली असतो. पियानोवाल्यांना तो बरोब्बर दिसतो, आणि सोलो संपवून माझ्याकडे वळताना ते भुवयांनीच विचारतात, कितवं पेर?