तुम्ही विचारलंत म्हणून: कोकणातली कुठली लढाई पडद्यावर यावी?

मराठ्यांच्या आरमाराचा, जलदुर्गांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: कोकणातल्या कुठल्या लढाईवर सिनेमा व्हायला हवा? विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा जंजिरा असतो. माझं उत्तर मात्र ठरलेलं आहे. खांदेरी, १६७९. तीही बेटावर दगड रचणाऱ्या भंडाऱ्याच्या आणि वल्हं ओढणाऱ्या कोळ्याच्या नजरेतून.

खांदेरीचं बेट थळच्या किनाऱ्यापासून साधारण ५ किलोमीटरवर, मुंबई बंदराच्या वाटेवर आहे. १६७९च्या ऑगस्टअखेर, पावसाळा पुरता सरला नसताना, मायनाक भंडारी १५० माणसं आणि ४ लहान तोफा घेऊन तिथं उतरला आणि तटाच्या कामाला लागला. बेटावर किल्ला झाला तर मुंबईत ये-जा करणारं प्रत्येक जहाज शिवाजी महाराजांच्या नजरेखाली येणार, हे इंग्रजांना कळत होतं. त्यांनी जहाजं पाठवून बेटाची नाकेबंदी केली. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प शिबाड, म्हणजे शिडाची मालवाहू नौका, घेऊन बेटाला भिडला. वरून मारा झाला, थॉर्प मारला गेला आणि शिबाड मराठ्यांनी ताब्यात घेतलं. १८ ऑक्टोबरला पहाटे मराठी आरमाराचा सरदार दौलतखान याचा ताफा चौलच्या बाजूनं नांगरलेल्या इंग्रजी जहाजांवर चालून आला. जेमतेम अर्ध्या तासात 'डव्ह' जहाजानं शरणागती पत्करली, बाकीच्या लहान नौका पळाल्या. एकटं 'रिव्हेंज' मधोमध उभं राहून लढलं, त्यानं मराठ्यांच्या काही होड्या बुडवल्या आणि मराठी आरमार नागोठण्याच्या खाडीत मागं फिरलं.

पटकथा लिहिणारा इथंच अडखळतो, कारण त्या दिवशी कोण जिंकलं हे धड सांगता येत नाही. इंग्रजांनी तो आपला विजय मानला. पण बेटावरचं काम थांबलं नाही. रात्री थळच्या बाजूनं लहान होड्या निघायच्या, दाणागोटा आणि माणसं पोचवायच्या आणि उजाडायच्या आत परतायच्या. इंग्रजांना त्या अडवता आल्या नाहीत. १६८०च्या सुरुवातीला त्यांनी वेढा उठवला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. तोवर जंजिऱ्याच्या हबशी सिद्दीनं शेजारचं उंदेरी बेट बळकावून तिथं तोफा चढवल्या होत्या, म्हणजे मायनाकच्या माणसांना उसंत मिळालीच नाही. सिनेमाचा कणा म्हणून मला या रात्रीच्या खेपा दिसतात. समुद्रातली चकमक ही मधली एक सकाळ.

आता कामाच्या गोष्टी. वर दिलेल्या तारखा इंग्रजी कागदांतल्या आहेत आणि तेव्हा इंग्रज जुनं कॅलेंडर वापरत. आजच्या कॅलेंडरात त्या १० दिवस पुढे जातात, म्हणजे १८ ऑक्टोबर होतो २८ ऑक्टोबर. हे दहा दिवस विसरले की चंद्र चुकतो, आणि चंद्र चुकला की भरती-ओहोटी चुकते. हिशेब केला तर ती पहाट अश्विन वद्य नवमीच्या सुमाराची निघते. लक्ष्मीपूजन पाच-सहा दिवसांवर. थॉर्प मेला तो दिवस भाद्रपदातल्या वद्य पक्षाचा, ऐन पितृपंधरवड्यातला. चंद्रकला दोन्ही वेळी जवळपास तीच: मध्यरात्रीनंतर उगवलेला अर्धा चंद्र पहाटे डोक्यावर. त्यामुळे या दोन प्रसंगांना पौर्णिमेचं चांदणं दाखवता येणार नाही आणि मिट्ट काळोखही नाही.

भरतीसाठी किनाऱ्यावरचा हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट करायची. नवमीला ९ची पाऊणपट पावणेसात, म्हणजे सकाळी पावणेसातच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमी-नवमी म्हणजे भांग. पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, ओढ कमी. वल्ह्यांवर चालणाऱ्या नौकेला असं पाणी सोयीचं. शिवाय ऑक्टोबरअखेरीस पहाटे वाहतो तो जमिनीवरून येणारा मतलई वारा, तोही मंद. केवळ शिडांवर अवलंबून असलेल्या जड जहाजाला अशा वाऱ्यात नांगर उचलून तोंड फिरवायला वेळ लागतो. नांगरलेली जहाजं इतक्या लवकर गाठली कशी गेली, याचं बरंचसं उत्तर या भांगात आणि मतलईत आहे. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की पारडं शिडांच्या बाजूनं झुकतं. दिग्दर्शकाला ही गोष्ट कळली तर संपूर्ण लढाई प्रेक्षकाला नुसत्या शिडांच्या फुगण्या-पडण्यातून समजावता येईल. याउलट आपल्याकडे समुद्री लढाई म्हटलं की दोन पुरुष उंचीच्या लाटा आणि विजा दाखवायची हौस असते. ऑक्टोबरातल्या सकाळी थळसमोर तसा समुद्र नसतो.

नौकांचंही तसंच. गलबत म्हणजे मोठं जहाज अशी हल्लीची समजूत आहे. लढाऊ गलबत लहान असे, क्वचितच ७० टनांपुढचं, ४० ते ५० वल्ह्यांचं, दोन डोलकाठ्यांचं, मोठ्या डोलकाठीला मोठं तिकोनी शीड. त्याच्यावर फिरत्या खुंटीवरचे जंबुरे, म्हणजे लहान तोफा, बसवलेले. वल्ह्यांवर ते तासाला साडेसहा-सात किलोमीटर सहज जाई, म्हणजे थळ ते खांदेरी पाऊण तास. रात्रीच्या खेपेचा प्रसंग लिहिताना हा पाऊण तास जपा. गुराब त्याहून मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब पुढे आलेली, आणि त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या तोफा. वारा पडला की गलबतं गुराबेला दोरानं ओढून नेत. डावपेच ठरलेला: शत्रूच्या पिछाडीला जायचं, कारण जहाजाच्या तोफा मुख्यतः दोन्ही कुशींना असतात, शिडं आणि दोर तोडून त्याला लुळं करायचं, मग चहूबाजूंनी भिडून वर चढायचं. कुशीला कुशी लावून तोफा डागण्याची युरोपी पद्धत इथं दाखवली तर ती मराठ्यांची लढाई राहणार नाही.

तोफेचा गोळा लोखंडाचा भरीव असे. तो लाकूड फोडतो, ढलप्या उडवतो, डोलकाठी मोडतो. पडल्या जागी आगीचा लोळ उठवत नाही. जखमा बहुतेक त्या ढलप्यांच्या. रंगभूषा करणाऱ्यानं एवढं जरी लक्षात घेतलं तरी पडद्यावरच्या निम्म्या खोट्या गोष्टी गळतील.

प्रत्यक्ष खांदेरीवर चित्रीकरण करायचं तर अडचणी आहेत. बेटावर १८६७चं दीपगृह आहे, ते प्रत्येक लांबच्या दृश्यात येतं. किनाऱ्याकडे कॅमेरा वळवला की थळच्या खत कारखान्याच्या चिमण्या, उत्तरेला वळवला की मुंबईत शिरणारी मालवाहू जहाजं. २०२५मध्ये हा किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला आहे, तेव्हा तटाला खिळासुद्धा ठोकता येणार नाही, आणि ते योग्यच आहे. माझ्या मते कातळाचा किनारा दुसरीकडे शोधावा, आणि साठ नौका संगणकावर काढण्यापेक्षा एक गलबत खरोखर बांधून त्यावर चाळीस माणसं महिनाभर वल्हवायला शिकवावीत. चाळीस वल्ही एका तालात पडायला लागली की माणसांचे खांदे, श्वास, हाकारे आपोआप बदलतात. हे नटांना नुसतं सांगून येत नाही.

खांदेरीनंतर मी विजयदुर्ग सांगतो, फेब्रुवारी १७५६. ही कथा जास्त अवघड आणि जास्त दुखरी आहे. विजयदुर्गावरून आरमार चालवणाऱ्या तुळाजी आंग्र्यांचा बंदोबस्त करायला खुद्द पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. समुद्रातून ॲडमिरल वॉटसनचा ताफा, सोबत रॉबर्ट क्लाइव्ह, आणि जमिनीवर पेशव्यांची फौज. इथं मात्र फुटणारे गोळे होते. त्यातला एक 'रिस्टोरेशन'वर पडला. हे जहाज आंग्र्यांनीच पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेलं. आंग्र्यांची जहाजं एकमेकांना बांधून ठेवलेली होती, त्यामुळे आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि तुळाजीच्या वडिलांपासून, कान्होजींपासून, उभं राहिलेलं आरमार एका संध्याकाळीत जळालं. दुसऱ्या दिवशी इंग्रज किल्ल्यात शिरले आणि ठरल्याप्रमाणे किल्ला पेशव्यांना देण्याऐवजी काही महिने धरून बसले. बदल्यात बाणकोट मिळालं तेव्हा सोडला. या सिनेमाला खलनायक नेमता येत नाही. तुळाजीनं स्वकीयांनाही त्रास दिला होता, पेशव्यांची तक्रार खोटी नव्हती. मला तो बघायचा आहे खाडीपल्याडच्या पेशव्यांच्या छावणीतल्या एखाद्या शिपायाच्या डोळ्यांनी, ज्याला आपण कोणाचं काय जळताना पाहतोय हे उमगतं.

विसाव्या शतकातलं विचाराल तर कूत. तैग्रीस नदीकाठचं हे गाव मेसोपोटेमियातलं, पण वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या, आणि मराठा पलटणींत कोकणातली भरती मोठी. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळपास पाच महिने. गोळ्यांपेक्षा उपासानं जास्त छळलं. घोड्यांचं मांस सुरू झालं तेव्हा बहुतेक हिंदी शिपायांनी ते बराच काळ नाकारलं, आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात. विमानांतून पीठ टाकून पाहिलं, ते पुरलं नाही. २७० टन शिधा घेऊन निघालेली 'जुलनार' बोट २४ एप्रिलला नदीत अडवली गेली. शरण आलेले सुमारे १३,००० लोक पुढे वाळवंटातून चालवत नेले. या सगळ्याची दुसरी बाजू चिपळूण, संगमेश्वर, महाडच्या घरांत आहे. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांचा पलटणीवार फक्त आकडा. त्या आकड्याचं घर शोधणारा सिनेमा मराठीतच होऊ शकतो, दुसऱ्या कुणाला त्याची ओढ असणार नाही.

माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे यांच्यावरही विचारणा होते. १० जुलै १९४४ला इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले. ते एकटे मशीनगनवर धावून गेले, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं लोळवलं, आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथंच गेले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीच्या हाती आला. त्या चढाईचं दृश्य कुणीही उत्तम घेईल. पटकथा त्या पत्नीपासून लिहायला घ्यावी असं मला वाटतं.

हे सगळं ऐकल्यावर तरुण दिग्दर्शक विचारतात, पैसे नसतील तर? त्यांना मी पद्मदुर्ग सांगतो. मुरूडसमोर, जंजिऱ्याच्या उरावर हा किल्ला बांधला जात असताना दौलतखान आणि दर्यासारंग या आरमारी सरदारांकडे रक्कम आणि धान्य पोचवायचं काम प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याच्याकडे होतं. ते पोचलं नाही. जानेवारी १६७५चं महाराजांचं त्याला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे: हबशानं काही देऊन तुला फोडलं असेल असा उघड संशय, आणि ब्राह्मण म्हणून कुणी मुलाहिजा ठेवणार नाही असा सज्जड दम. समुद्रातल्या खडकावर शिध्यावाचून चुना कालवणारी माणसं, आणि मैलोगणती दूर कचेरीत वहीवर बोट ठेवून बसलेला सुभेदार, एवढ्यावर दीड तासाचा सिनेमा उभा राहतो. लागतं काय तर एक जुना वाडा, एक धक्का, दोन मचवे आणि दहा-बारा नट. किल्ला जवळून दाखवायची वेळ आली तर तटाच्या सांध्यांवर कॅमेरा न्या: खाऱ्या वाऱ्यानं दगड झिजून आत गेलेत आणि दोन दगडांमधला चुना तसाच पुढे आलेला आहे. चित्रीकरण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा, मचवा मुरूडहून घ्या, आणि तांडेल म्हणेल तेव्हाच परत फिरा, कारण पद्मदुर्गाला धड धक्का नाही आणि ओहोटीला खडक वर येतात.